एडीसीपी: बॉटम ट्रॅक आणि जीपीएस यांचा विसर्ग जुळत नाही, नोंद कुठल्या आकड्याची करायची?

डावाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एडीसीपी, म्हणजे ध्वनिलहरींच्या डॉप्लरवरून पाण्याचा वेग मोजणारं यंत्र, वापरून पुराच्या पाण्यात केलेल्या एका मापनाचे आकडे समोर ठेवतो. बोटीचा वेग बॉटम ट्रॅकने (तळावरून परतलेल्या आवाजावरून) आणि जीपीएसने असा दोन वाटांनी घेतलाय.

नदीची रुंदी १८० मीटर, सरासरी खोली ४.२ मीटर, काटछेद ७५६ चौरस मीटर, सरासरी वेग साधारण १.६ मीटर प्रति सेकंद. एडीसीपी १२०० किलोहर्ट्झचा, २० अंश तिरके चार बीम. छोट्या मोटरबोटीच्या कडेला ॲल्युमिनिअमच्या खांबावर बसवलाय, ट्रान्सड्यूसर पाण्याखाली २५ सेंटीमीटर. जीपीएस उपग्रहावरून दुरुस्ती घेणारा, म्हणजे एसबीएएसवाला, आणि अँटेना त्याच खांबाच्या टोकाला. बोटीचा वेग १.२ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, एका फेरीला १५० सेकंद लागले.

विसर्ग, क्युमेकमध्ये, म्हणजे घनमीटर प्रति सेकंदात (जीजीए म्हणजे जीपीएसच्या जागांवरून, व्हीटीजी म्हणजे जीपीएसने थेट दिलेल्या वेगावरून):

फेरी १, डावा ते उजवा: बॉटम ट्रॅक ११३८, जीजीए १२४६, व्हीटीजी १२३८
फेरी २, उजवा ते डावा: बॉटम ट्रॅक ११४७, जीजीए ११७६, व्हीटीजी ११८३
फेरी ३, डावा ते उजवा: बॉटम ट्रॅक ११४९, जीजीए १२३९, व्हीटीजी १२३१
फेरी ४, उजवा ते डावा: बॉटम ट्रॅक ११३६, जीजीए ११८२, व्हीटीजी ११९०

सरासरी बॉटम ट्रॅकची ११४३, जीजीएची १२११, व्हीटीजीचीही १२११.

बॉटम ट्रॅकच्या चारही फेऱ्या एकमेकींना छान जुळतात, जीपीएसच्या मात्र दिशेप्रमाणे वर-खाली होतात. म्हणून बॉटम ट्रॅकच खरा मानावा असं एक मत पडलं. दुसरं मत असं की दोन्हींची सरासरी घेऊन ११७७ लिहावेत. फेऱ्यांआधी लूप टेस्ट, म्हणजे एका खुणेपासून पलीकडच्या काठापर्यंत जाऊन परत खुणेवर येण्याची चाचणी, केली होती. ३१० सेकंदांनी बोट सुरुवातीच्या खुणेपाशी परत आली, पण बॉटम ट्रॅकच्या रेषेचं टोक खुणेच्या २७ मीटर वर, प्रवाहाविरुद्ध बाजूला पडलं. याचा हिशेब कसा लावायचा?

आणखी दोन गोष्टी. उजव्या काठाला झाडी आहे, तिथे जीजीएची रेषा मधूनच दोन-तीन मीटर उडी मारते. आणि नदीच्या मधल्या खोल भागात सहा टक्के एन्सेम्बलना (यंत्राच्या एकेका नोंदीला) खोली मिळालेली नाही.

तळगाळ

आधी सरासरीचा विचार डोक्यातून काढून टाका. एका आकड्यात ठराविक दिशेने चूक आहे आणि ती कुठून आली हे सांगता येतं. चुकीचा आकडा बरोबर आकड्यात मिसळला की चूक निम्मी होते, जात नाही. वर नोंद वाचणाऱ्याला ती दिसतही नाही.

तुमचा तळ सरकतोय. बॉटम ट्रॅकमध्ये एडीसीपी तळावरून परत आलेल्या आवाजाच्या डॉप्लर बदलावरून बोटीचा वेग काढतो, आणि त्यासाठी तळ स्थिर आहे असं धरतो. पुरात तळावरची वाळू आणि तळालगतचा दाट गाळ खालच्या अंगाला वाहत असतो. यंत्राला हे वेगळं कळत नाही. तळ खाली सरकतोय याचा अर्थ ते बोट वर सरकतेय असा घेतं, आणि तेवढा वेग पाण्याच्या वेगातून वजा होतो. म्हणून सरकत्या तळाने विसर्ग कमी दिसतो. चारही फेऱ्यांत चूक एकाच बाजूची असल्यामुळे फेऱ्या आपसात जुळतात, आणि त्या जुळण्यावरच माणूस फसतो. आपसात जुळणं आणि बरोबर असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मापनपत्रक तपासताना हे सगळ्यात जास्त निसटतं असं मला वाटतं.

लूपचा हिशेब सरळ आहे. २७ मीटर भागिले ३१० सेकंद, म्हणजे ०.०८७ मीटर प्रति सेकंद. तळ सरकतोय असं म्हणायला हा वेग १.२ सेंटीमीटर प्रति सेकंदाहून जास्त हवा, शिवाय पाण्याच्या सरासरी वेगाच्या १ टक्क्याहून जास्त हवा. तुमचा ८.७ सेंटीमीटर आहे आणि पाण्याच्या वेगाच्या ५.४ टक्के भरतो, शंकेला जागा नाही. आता ०.०८७ ला ७५६ चौरस मीटरने गुणा. ६६ क्युमेक येतात. बॉटम ट्रॅकच्या ११४३ मध्ये ते मिळवले की १२०९. जीपीएसची सरासरी १२११ आहे. दोन निराळ्या वाटांनी एकाच जागी पोचलात, म्हणजे उत्तर १२१० च्या आसपास आहे.

तरी नोंद करताना मी जीपीएसचा आकडा घेईन आणि लूपची दुरुस्ती पडताळा म्हणून शेजारी लिहीन. लूप सगळ्या काटछेदासाठी एकच सरासरी वेग देते. तळ मात्र सगळीकडे सारखा सरकत नाही, खोल धारेत जास्त आणि काठाजवळ जवळजवळ नाहीच. जीपीएस प्रत्येक एन्सेम्बलला त्या जागेचा बोटीचा वेग देतो, त्यामुळे वेगाची वाटणीही खरी उतरते.

फरकाची बाकी कारणंही तपासून बाजूला सारा. ट्रान्सड्यूसरची खोली, काठांचे अंदाज आणि वर-खालच्या न मोजलेल्या थरांचं एक्स्ट्रापोलेशन (मोजलेल्या भागावरून काढलेला अंदाज) बॉटम ट्रॅक आणि जीपीएस दोन्हींना सारखंच लागतं. तिथे चूक झाली असेल तर दोन्ही आकडे मिळून बिघडतील, त्यांच्यातला फरक त्यातून येणार नाही. पाण्याचं तापमान किंचित वेगळं वागतं, कारण बॉटम ट्रॅकचा वेग ध्वनिवेगावर अवलंबून असतो आणि जीपीएसचा नसतो. पण गोड्या पाण्यात २० अंशाला ध्वनिवेग १४८२ मीटर प्रति सेकंद आणि २५ अंशाला १४९७. म्हणजे सेन्सर तब्बल ५ अंश चुकला तरी दोन आकड्यांतला फरक १ टक्क्याचा. तुमचा ५.६ आहे. थर्मामीटरने तापमान मात्र दरवेळी पडताळाच, कारण त्या चुकीने खोलीही बिघडते.

एक उणीव राहिली आहे. १५० सेकंदांच्या चार फेऱ्या म्हणजे एकूण ६०० सेकंद. यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या) पद्धतीत स्थिर प्रवाहात निदान ७२० सेकंद मापन अपेक्षित असतं, आणि फेऱ्या जोडीने, एक जाताना एक येताना. बोट ०.८ मीटर प्रति सेकंदाने नेली असती तर एका फेरीला २२५ सेकंद लागून चार फेऱ्यांत ९०० झाले असते. पाणी भराभर चढत-उतरत असेल तर कमी वेळ समजण्यासारखा आहे, पण तसं असल्यास पत्रकावर लिहा.

दिशेप्रमाणे पडणारा फरक हा कंपासचा विषय आहे. त्यावर जाणकार लिहितीलच.

उत्तरध्रुव

बॉटम ट्रॅकमध्ये दिशेचा फरक नाही आणि जीपीएसमध्ये आहे, यातच निदान आलं.

एडीसीपी पाण्याचा वेग बोटीच्या सापेक्ष मोजतो. विसर्ग काढताना तो सापेक्ष वेग आणि बोटीचा वेग यांचा सदिश गुणाकार होतो, आणि त्या गुणाकारात महत्त्व दोघांमधल्या कोनाला. बॉटम ट्रॅकमध्ये दोन्ही वेग एकाच यंत्राच्या अक्षांत मोजलेले. कंपासने दोन्हींना मिळून कितीही चुकीचं फिरवलं तरी त्यांच्यातला कोन तोच राहतो, म्हणून कंपास बंद असला तरी बॉटम ट्रॅकचा विसर्ग बिघडत नाही. जीपीएसचा वेग खऱ्या उत्तरेवर मोजलेला असतो आणि एडीसीपीचा वेग कंपासच्या उत्तरेवर. या दोन उत्तरा जुळल्या नाहीत की बोटीच्या वेगाचा एक तुकडा पाण्याच्या वेगात घुसतो. एका दिशेने जाताना तो विसर्ग वाढवतो आणि परतताना तितकाच घटवतो.

किती, हे काढता येतं. चुकीचं प्रमाण म्हणजे बोटीचा वेग भागिले पाण्याचा वेग, गुणिले कोनाच्या चुकीचा साइन. तुमच्या जीजीएच्या डावीकडून निघालेल्या फेऱ्यांची सरासरी १२४२.५, उजवीकडून निघालेल्यांची ११७९. निम्मा फरक ३१.७५, म्हणजे २.६ टक्के. बोट १.२ आणि पाणी १.६, गुणोत्तर ०.७५. २.६ टक्क्यांना ०.७५ ने भागलं की ०.०३५ येतं, आणि एवढा साइन २ अंशांचा असतो. म्हणजे तुमच्या दोन उत्तर दिशांमध्ये साधारण २ अंशांचं अंतर आहे.

पहिला संशय चुंबकीय डेक्लिनेशनवर, म्हणजे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातल्या कोनावर. सॉफ्टवेअरमध्ये ते शून्य राहिलं असेल किंवा आधीच्या जागेचं असेल. पूर्वेचं धन आणि पश्चिमेचं ऋण भरायचं असतं. चिन्ह उलटं पडलं तर चूक दुप्पट होते, तेव्हा दुरुस्तीनंतर दोन दिशांतला फरक कमी झाला की वाढला ते बघा. त्या तारखेचं डेक्लिनेशन जागतिक चुंबकीय मॉडेलवरून काढा, जुन्या नकाशावरून घेऊ नका, ते वर्षागणिक सरकतं. ही दुरुस्ती नंतर बसूनही करता येते, पुन्हा पाण्यात उतरायची गरज नाही.

दोन उत्तर दिशांतलं अंतर सगळीकडे सारखं असेल आणि दोन्ही दिशांना बोटीचा वेग सारखा असेल, तर जोडीच्या सरासरीत चूक आपोआप पुसली जाते. म्हणूनच तुमची १२११ ही सरासरी लूपच्या दुरुस्तीशी जुळली. कंपासची स्वतःची चूक मात्र अशी पुसली जात नाही, कारण ती बोटीच्या तोंडाच्या दिशेप्रमाणे बदलते. जोराच्या धारेत बोट नाक वर धरून तिरकी पार होते. जाताना आणि येताना नाकाच्या दिशेत १८० अंशांचा फरक नसतो, बराच कमी असतो, आणि त्या दोन दिशांना कंपास वेगवेगळा चुकू शकतो.

त्यामुळे कॅलिब्रेशन मापनाच्या जागी, यंत्र बोटीवर बसवून, मोटर चालू ठेवून करा. दोन पूर्ण गिरक्या, एक-एक मिनिटभर, एकसारख्या गतीने. पद्धत पुढे-मागे आणि आजूबाजूचा कल मागत असेल तर मापनाच्या वेळी बोट जेवढी डोलणार आहे तेवढंच डोलवा. नंतर मूल्यांकनाच्या गिरकीत एकूण चूक १ अंशाच्या आत यायला हवी. येत नसेल तर लोखंड शोधा: नांगर, साखळी, हत्यारांची पेटी, बॅटरी, मोबाइल, खांबाचे साधे लोखंडी बोल्ट. बोल्ट पितळी किंवा चुंबक न चिकटणाऱ्या स्टेनलेसचे घाला. कॅलिब्रेशननंतर बॅटरी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हलवली तरी ते पुन्हा करावं लागतं, आणि ही गोष्ट घाईत हमखास विसरली जाते. लोखंडी पुलाच्या सावलीत कॅलिब्रेशन करू नका.

लूप टेस्टलाही चांगला कंपास लागतो. सगळीकडे सारखी चूक असेल तर लूप फक्त फिरते, उघडी पडत नाही. पण जाताना आणि येताना कंपास १ अंशाने वेगळा चुकला तर १८० मीटर रुंदीत ३.१ मीटरचं खोटं अंतर तयार होतं. ३१० सेकंदांत ते १ सेंटीमीटर प्रति सेकंद, म्हणजे जवळजवळ मर्यादेला टेकलं. तुमचे २७ मीटर याच्या कितीतरी पुढे आहेत. पण लूप ४-५ मीटर उघडी राहिली असेल आणि कंपास कॅलिब्रेट केलेला नसेल, तर तळ सरकतोय की नाही हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

बोट लोखंडीच असेल तर दोन अँटेनांचा जीएनएसएस (उपग्रहांवर चालणारा) कंपास लावा. त्याला चुंबकाशी घेणं-देणं नसतं आणि तो खरी उत्तरच देतो, म्हणून तिथे डेक्लिनेशन शून्य ठेवायचं. फक्त अँटेनांची रेषा आणि एडीसीपीची पुढची खूण यांच्यातला कोन नीट भरायला हवा, तो चुकला तर चूक डेक्लिनेशनसारखीच वागते. तो कोन काढायला तळ स्थिर असलेलं संथ पाणी शोधा, २०० मीटर सरळ रेषेत जा आणि त्याच रेषेने परत या. बॉटम ट्रॅकच्या रेषेचा आणि जीपीएसच्या रेषेचा दिशाकोन यांत जो फरक दिसेल तो भरायचा.

डावाकाठ

डेक्लिनेशन शून्यच राहिलं होतं. त्या जागेचं १.७ अंश पूर्व आहे. ते भरून जीजीए पुन्हा काढला: १२१९, १२०३, १२१२, १२०९. सरासरी होती तीच, १२११. दोन दिशांतला फरक ६३ वरून ९ वर आला. कंपासच्या मूल्यांकनात चूक ०.६ अंश दाखवली होती.

मग उरलेला फरक कंपासचा समजून सोडून द्यायचा का? आणि काठाजवळच्या उड्यांचं काय? तिथे व्हीटीजी वापरून मधे जीजीए वापरावा का?

उत्तरध्रुव

उरलेल्या ९ क्युमेकचा कोन ०.३ अंश निघतो, तुमच्या कंपासच्या मर्यादेच्या आतला. सोडून द्या. फरक साफ पुसला जावा म्हणून डेक्लिनेशनचा आकडा दोनाचा करू नका. डेक्लिनेशन ही त्या जागेची वस्तुस्थिती आहे, आकडे जुळवायचं बटण नव्हे. पुढच्या वेळी बोट ०.८ ने नेलीत तर याच ०.३ अंशाची चूक पाव टक्क्यावर येईल. जीपीएस वापरताना बोट हळू नेण्याचा मोठा फायदा हाच.

खोलडोह

जीजीए आणि व्हीटीजी यांची मुळं वेगळी आहेत, म्हणून दोन्ही नोंदवणं चांगलं. जीजीए जागा देतो. सॉफ्टवेअर दोन लागोपाठच्या जागांतलं अंतर वेळेने भागून वेग काढतं. इथे जागा अचूक असण्यापेक्षा एका सेकंदापासून पुढच्या सेकंदापर्यंत ती न उडणं जास्त मोलाचं. सगळ्या जागा मिळून एक मीटर पूर्वेला सरकलेल्या असल्या तरी विसर्गाला काही होत नाही. पण एका सेकंदात जागा अर्धा मीटर उडाली तर बोट अर्धा मीटर प्रति सेकंदाने धावली असं हिशेबात येतं. व्हीटीजी मात्र उपग्रहांच्या लहरींच्या डॉप्लरवरून थेट वेग देतो. त्याला दुरुस्तीचा सिग्नल लागत नाही, झाडांवरून-भिंतींवरून परतलेल्या लहरींचा त्रासही कमी होतो. त्याची उणीव मंद बोटीत. बोट ०.२५ मीटर प्रति सेकंदाच्या खाली गेली की व्हीटीजीची दिशा भरकटते.

काठाजवळ बोट नेमकी मंद होते, त्यामुळे तिथे व्हीटीजी आणि मधे जीजीए ही वाटणी उलटी पडेल. आणि एकाच फेरीत संदर्भ बदलणं मला पटत नाही. सगळी फेरी एकाच संदर्भाने काढा, दुसऱ्याने पडताळा. तुमचे दोन्ही संदर्भ १ टक्क्याच्या आत जुळतात, तेव्हा उड्यांनी एकूण आकड्याचं फारसं बिघडवलेलं नाही.

उड्या गाळायच्या तर तीन चाळण्या लावा: एचडीओपी (उपग्रहांच्या मांडणीमुळे जागेची अचूकता किती घटते त्याचा आकडा) ४ च्या वर, एचडीओपीचा बदल ३ च्या वर, आणि उंचीचा बदल ३ मीटरच्या वर. तिसरी सगळ्यात कामाची. नदीवर बोटीची उंची फेरीभरात मीटरभरसुद्धा बदलत नाही, त्यामुळे उंची उडाली म्हणजे जागाही उडाली असणार. जीजीएच्या वाक्यातला, म्हणजे जीपीएसने पाठवलेल्या मजकुराच्या ओळीतला, गुणवत्तेचा अंकही बघा. १ म्हणजे दुरुस्तीविना, २ म्हणजे डिफरन्शियल (दुरुस्तीसह), ४ म्हणजे आरटीके (सेंटीमीटरपर्यंत नेणारी दुरुस्ती) फिक्स, म्हणजे पक्की बसलेली, ५ म्हणजे फ्लोट, म्हणजे अर्धवट बसलेली. १ असेल तर जीजीए वापरू नका. आरटीके असला म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. झाडीखाली तो ४ आणि ५ मध्ये ये-जा करत राहिला तर प्रत्येक बदलाला उडी पडते, आणि विसर्गासाठी त्यापेक्षा एका जागी टिकलेला २ परवडतो.

सिरीयल केबलकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. एक एनएमईए (जीपीएसच्या प्रमाणित रचनेचं) वाक्य जास्तीत जास्त ८२ अक्षरांचं. जीजीए आणि व्हीटीजी मिळून १२० अक्षरं धरा. सेकंदाला १० वेळा पाठवली तर १२०० अक्षरं झाली. ९६०० बॉडवर (केबलवरून माहिती जाण्याचा वेग) सेकंदाला ९६० अक्षरंच जातात. मग रिसीव्हरच्या बफरमध्ये वाक्यं साचतात आणि जीपीएस एडीसीपीच्या मागे पडत जातो, किंवा वाक्यं तुटतात. बोट एकसारख्या वेगाने चालली असेल तर हे लक्षात येत नाही, पण वेग घेताना आणि थांबताना पाण्याचा वेग विचित्र उसळतो. ३८४०० बॉड ठेवा, आणि उपग्रहांची यादी देणारी वगैरे बाकी वाक्यं बंद करा. काही रिसीव्हर मंद बोट स्थिर समजून जागा धरून ठेवतात, ती सोयही बंद करा.

अँटेना खांबाच्या डोक्यावर आहे ते उत्तम. ती एक मीटर बाजूला असती आणि बोट सेकंदाला ३० अंश वळली असती, तर नुसत्या वळण्याने ०.५२ मीटर प्रति सेकंदाचा खोटा वेग आला असता. उलट खांब फार उंच असेल तर डोलण्याने तीच गत होते. बोटीवरच्या माणसांच्या डोक्यांच्या वर, एवढी उंची पुरे.

मला खरी काळजी आहे ती खोली न मिळालेल्या सहा टक्क्यांची. यावर अजून कोणी बोललं नाही. जीपीएस बोटीचा वेग देतो, खोली देत नाही. सहा टक्के म्हणजे फेरीतले ९ सेकंद, बोटीच्या १.२ वेगाने जवळपास ११ मीटर रुंदी. एक-दोन एन्सेम्बल विखरून गेले असतील तर सॉफ्टवेअरने शेजारच्यांवरून भरलेली खोली चालेल. पण सलग ११ मीटर गेले असतील आणि तेही सगळ्यात खोल जागी, तर दोन्ही कडांना जोडणारी सरळ रेषा खऱ्या तळाच्या वरून जाते. मग खोल धार, जिथे वेगही सर्वाधिक, तीच उथळ धरली जाते. ही चूक बॉटम ट्रॅकमध्ये आणि जीपीएसमध्ये सारखीच येते, म्हणून १२११ आणि १२०९ जुळले तरी ती पकडली जात नाही. चारही फेऱ्यांचे तळ एकावर एक ठेवून बघा. एका फेरीत हुकलेली जागा दुसरीत सापडते का?

कारण बहुधा गाळ. १२०० किलोहर्ट्झचा आवाज गढूळ पाण्यात लवकर विरतो आणि तळालगतच्या दाट थरातून क्षीण होऊन परततो. ६०० किलोहर्ट्झचं यंत्र असेल तर पुरात ते लावा, ते जास्त खोल पोचतं आणि सरकत्या गाळाने तेवढं फसत नाही. त्याचे कप्पे, म्हणजे खोलीतले मोजमापाचे थर, मोठे पडतात, त्यामुळे उथळ काठ कमी मोजला जातो, पण अशा पाण्यात हा सौदा मान्य करावा. यंत्रात उभा बीम असेल तर त्याची खोली वापरा. नाहीतर २०० किलोहर्ट्झचा वेगळा इको साउंडर शेजारी जोडा, आणि त्याच्या ट्रान्सड्यूसरची पाण्याखालची खोली स्वतंत्र मोजून भरा.

डावाकाठ

चार फेऱ्यांचे तळ एकावर एक ठेवले. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीत खोली धारेत सलग गेली आहे, दुसऱ्या आणि चौथ्या फेरीत तिथे एखाद-दुसराच एन्सेम्बल हुकलाय. त्या दोन फेऱ्यांत तळ सरळ रेषेपेक्षा सुमारे ३० सेंटीमीटर खाली दिसतो.

शेवटचा प्रश्न. याच नदीवर वरच्या बाजूला अरुंद घळीत दुसरा काटछेद आहे. तिथे आकाश जेमतेम दिसतं, जीपीएस टिकत नाही. तिथे फक्त लूपवर भिस्त ठेवावी का?

खोलडोह

३० सेंटीमीटरची खाच ११ मीटर रुंद आणि तिथे वेग, समजा, २ मीटर प्रति सेकंद. खाच मधे खोल आणि कडांना निमुळती धरली तर क्षेत्रफळ दीड-दोन चौरस मीटर, विसर्ग ३-४ क्युमेक. एकूण आकड्याच्या साधारण पाव टक्का. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीचे हुकलेले एन्सेम्बल हाताने भरायला जाऊ नका, पत्रकावर शेरा लिहा. दुसरी आणि चौथी एकाच दिशेच्या असल्यामुळे नुसत्या त्या दोन ठेवून बाकीच्या टाकून देणंही बरोबर होणार नाही.

तळगाळ

घळीत लूप कराच, पण तिच्या अटी पाळून. एकूण वेळ निदान १८० सेकंद. घळ अरुंद असल्याने बोट अगदी हळू न्यावी लागेल. सुरुवात आणि शेवट नेमक्या एकाच बिंदूवर, त्यासाठी काठाला रोवलेली काठी किंवा बांधलेला तरंगता डबा हवा. पलीकडच्या काठाला न थांबता वळा. बॉटम ट्रॅक मधे तुटला तर ती लूप रद्द समजा, कारण तुटलेल्या सेकंदांत बोट कुठे गेली हे यंत्राला माहीत नसतं.

घळीच्या भिंतींत लोखंडयुक्त खडक असेल तर कंपासही भरवशाचा राहत नाही. तिथे स्थिर बोटीची चाचणी जास्त चांगली, तिला कंपास लागत नाही. बोट नांगरून किंवा आडव्या दोराला बांधून ३०० सेकंद एका जागी धरा आणि बॉटम ट्रॅक नोंदवा. बोट जागेवर असूनही रेषा वर सरकत गेली तर ते अंतर भागिले वेळ म्हणजे त्या जागी तळाचा वेग. बोट डावी-उजवी हेलकावली तर चालतं, पण प्रवाहाच्या दिशेने सरकायला नको. ३०० सेकंदांत दोर ३ मीटर सैल पडला तर १ सेंटीमीटर प्रति सेकंदाची चूक लागलीच. नांगर ओढला जातोय का, हे काठावरच्या माणसाने दोन खुणा एका रेषेत धरून बघत राहावं.

एका जागची चाचणी फक्त त्या जागेची. सगळ्यात जोराच्या धारेत एक आणि तिच्या दोन्ही अंगांना एक-एक, अशा निदान तीन जागा घ्या. प्रत्येक जागी तळाच्या वेगाचं तळालगतच्या पाण्याच्या वेगाशी गुणोत्तर काढलं जातं आणि सॉफ्टवेअर त्यावरून सगळ्या एन्सेम्बलना आपापल्या वेगाप्रमाणे दुरुस्ती लावतं. लूपच्या एकाच सरासरीपेक्षा ही वाटणी खऱ्याच्या जवळ जाते. मोटर मात्र या चाचणीत बंद ठेवा, बोट दोरावरच राहू द्या. मोटरने जागा धरायला गेलात की बोट पुढे-मागे होतच राहते, आणि तळ सरकला की बोट सरकली हे नंतर सांगता येत नाही.